लोथारचं चुकलं

धोटेकाका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कपाला हातही न लावता त्यांनी मला विचारलं, "खरं सांगा मीनाताई, लोथारचं चुकलं की नाही?"

आम्हाला शिकागोत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या रस्त्यावरच्या त्या बिल्डिंगमध्ये कोण कोण राहतं, हे मला अजून नीट माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा एक दाढीवाला कचऱ्याच्या पिशव्या जिन्यातच ठेवायचा. तोच हा लोथार असणार, असं मी धरून चालले. त्यातून मी पुण्याची. कोणी मत विचारलं की ते तयारच असतं. मी म्हणाले, "चुकलंच! आणि कोणीतरी त्याला तोंडावर सांगायला हवं."

काकांनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. "अकराशे चाळीस वर्षं होऊन गेली," ते म्हणाले, "पण इतकं स्वच्छ कोणी बोललं नव्हतं."

माझ्या नवऱ्याने, अविनाशने, माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांची बशी पुढे केली. दुसरं काय करणार?

लोथार म्हणजे जुन्या युरोपातल्या फ्रँकांचा राजा, हे मला पुढच्या रविवारी कळलं. काका एकटे राहायचे. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, वय पंचावन्नच्या आसपास, उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम मोजायची टेप. त्यांच्या घरात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. होता तो एक नकाशा. छतापासून जमिनीपर्यंत अख्खी भिंत व्यापलेला, ट्रेसिंग पेपरचे तुकडे जोडून स्वतः काढलेला. नद्या निळ्या शाईत, डोंगर तपकिरी, आणि हद्दीच्या खुणा आपल्याकडे गावच्या नकाशात असतात तशाच्या तशा. ऱ्हाईनच्या पलीकडे बारीक सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'मधल्याकडे'. पश्चिमेला, 'धाकट्याकडे'. आणि मधून, उत्तरेच्या समुद्रापासून थेट इटलीपर्यंत उतरलेल्या एका लांबट पट्टीवर, 'थोरल्याकडे'.

मी थक्क झाले, खोटं कशाला सांगू? मी कॉलेजात इतिहास घेतला होता आणि परीक्षा संपली त्या दिवशी तो परत केला होता. इथे हा माणूस एकेका नदीचं वळण सहा-सहा महिने शोधत बसला होता, आणि ते कोणाला दाखवायचंही नव्हतं.

"शार्लमेन बादशहा आजोबा," काका सांगू लागले. "त्यांचा मुलगा लुई, देवभोळा. त्याने हयातीतच मुलांची वाटणी करून टाकली. इथवर ठीक. पुढे दुसरी बायको केली, तिला चार्ल्स झाला, आणि लुईने वाटणीपत्र बदललं! मीनाताई, वाटणीपत्र एकदाच करावं. माझे वडील मोजणी खात्यात होते, ते सांगायचे. बाप गेल्यावर थोरल्या लोथारला सगळंच हवं झालं, आणि तिघं भाऊ एकमेकांवर तलवारी घेऊन चालून गेले. एक पेपिनही होता, पण तो मध्येच वारला. त्याला आपण सोडून देऊ."

"आणि शेवटी?"

"शेवटी व्हर्दंला तह. प्रत्येक भावाची चाळीस माणसं, अशी एकशेवीस माणसं राज्य वाटायला बसवली. आणि राज्य केवढं आहे, कुठे काय आहे, हे त्यांच्यातल्या कोणालाही धड माहीत नाही! आमच्या वडिलांचा एक शिपाई पाठवला असता तर युरोपात इतकी युद्धं झाली नसती. हद्द कायम!"

'हद्द कायम' हा त्यांचा पूर्णविराम होता. विषय संपला, वाद मिटला, भाजी शिजली, सगळ्याला हद्द कायम.

पंचवीस जूनला ते उपास करायचे. कोणती एकादशी म्हणून मी विचारायला गेले, तर म्हणाले, "फोंतनॉयच्या लढाईची तिथी. आज भाऊ भावावर चालून गेला. घास कसा उतरेल?" आणि शांतपणे साबुदाण्याची खिचडी खात बसले. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घातलेलं होतं. मेलेल्या फ्रँकांना ते चाललं असावं.

पण हा माणूस साधा नाही, याची माझी पुरती खात्री पटली ती जानेवारीत. मोठा बर्फ पडला की आमच्या रस्त्यावर एक कायदा लागू होतो. ज्याने गाडीपुरती जागा खणून साफ केली, त्याने तिथे मोडकी खुर्ची ठेवायची. खुर्ची आहे तोवर जागा त्याची. त्या वर्षी बेकरीवाला पटेल आणि कोपऱ्यावरचा पोलिश म्हातारा यांच्या खुर्च्या एकाच जागेत आल्या आणि फावडी उगारली गेली. आम्ही खिडकीतून बघत होतो. तेवढ्यात काका खाली उतरले, टेप घेऊन. दोघांना बाजूला केलं, एका बंपरपासून दुसऱ्या बंपरपर्यंत माप घेतलं, कागदावर आकडा मांडला, मग ते माझ्या दारात हजर.

"मीनाताई, हळद आहे?"

"किती हवी?"

"पुडा द्या. चुना बर्फावर दिसत नाही."

पांढऱ्याशुभ्र बर्फावर पिवळीधमक रेघ ओढली गेली. सरळ, एका हातात. काका रेघेच्या टोकाला उभे राहून म्हणाले, "जेंटलमेन, धिस इज द बाउंड्री. युअर सन्स विल थँक मी." पटेल आणि म्हातारा, दोघंही त्या रेघेकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले. रेघ बर्फ वितळेपर्यंत टिकली आणि ती कोणीही ओलांडली नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका वाटणीचं दुःख करण्यात चाललं होतं, त्याने दहा मिनिटांत एक वाटणी अशी केली, की दोन्ही पक्ष हात मिळवून गेले. माझा हळदीचा पुडा मात्र गेला.

फेब्रुवारीत एका शनिवारी ते आले. हातात एअरोग्राम होता, पुतण्याचा, दर्यापूरहून. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. 'बाबांना अर्धांगाचा झटका आला. आता बरे आहेत, पण वाचा गेली. एखादाच शब्द फुटतो. तुमचं नाव काढलं की दाराकडे बघतात. दर रविवारी संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरांकडे फोनपाशी घेऊन बसेन. काका, एकदा बोला.'

"तुम्हाला भाऊ आहे?" मी विचारलं. दीड वर्षात त्यांनी लोथारच्या मावशीचीही माहिती दिली असेल, सख्ख्या भावाचा शब्द कधी काढला नव्हता.

"आहे. दादा. नऊ वर्षं बोललो नाही."

"का?"

"बोळ." ते पुढे म्हणाले, "वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. दोन घरं, मध्ये चार हात रुंदीची बोळ. वडिलांच्या नकाशात ती दोघांची सामाईक. दादाने भिंत घालून स्वतःकडे घेतली. मी इथून नकाशाची प्रत पाठवली, तिचं उत्तर आलं नाही. मग मीही लिहिलं नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती भिंतीवरची पट्टी आली, उत्तरेच्या समुद्रापासून इटलीपर्यंत. थोरल्याकडे. हा माणूस नऊ वर्षं एका साम्राज्याच्या आकाराची बोळ काढत बसला होता.

"मग आता बोला की!"

"असं कसं? स्ट्रासबुर्गला लोथारच्या दोन भावांनी एकजुटीची शपथ घेतली, तेव्हा दोघांतला मोठा आधी बोलला. तसं लिहून ठेवलेलं आहे. वयाने मोठा, म्हणून आधी. तो मान त्याचा आहे. मी आधी बोललो तर त्याचा मान जातो."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "काका, त्यांना बोलताच येत नाही. आता थोरल्याची वाट बघत बसलात, तर स्मशानापर्यंत बसाल. आणि त्या शपथेत आणखी काही नव्हतं का?"

काकांनी एअरोग्रामची घडी घातली. "होतं," ते म्हणाले. "दोघांच्या सैन्यांची बोली वेगळी. म्हणून प्रत्येकाने शपथ दुसऱ्याच्या बोलीत घेतली. समोरच्याच्या माणसांना कळावं म्हणून." मग म्हणाले, "उद्या तुमच्या फोनवरून लावू का? घरी एकट्याने होणार नाही."

रविवारी सकाळी साडेसातलाच ते आले, कोट घालून. कॉल बुक केला, ऑपरेटरने दोनदा थांबवलं, अविनाश मुद्दाम गाडी धुवायच्या निमित्ताने बाहेर गेला. कडाक्याच्या थंडीत गाडी कोण धुतं? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. काकांच्या हातात लिहून आणलेला कागद होता. लाइन लागली. पलीकडे पुतण्या काहीतरी मोठ्याने बोलला, मग शांत झालं. रिसीव्हर दादांच्या कानाला लावला असावा.

काकांनी कागद वर धरला आणि वाचायला सुरुवात केली. "आदरणीय बंधू, सदर बोळीच्या संदर्भात..."

आणि थांबले. कागद खाली आला. धोटेकाकांचं मराठी नेहमी छापील असायचं, पुण्यात शिकताना गावच्या बोलीला मुलं हसली म्हणून त्यांनी ते तसं घडवलेलं होतं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

"दादा, मी मधू बोलून राह्यलो. तू बोलू नको, मीच बोलतो. जेवला काय तू? इकडे लय थंडी हाये. मले तुयी आठवण येते, दादा. बोळ तुयीच हाये. मी आलो का तिच्यातूनच येतो. येऊ देशीन नं मले?"

पलीकडून उत्तर यायला किती वेळ गेला कोण जाणे. काका रिसीव्हर दोन्ही हातांनी कानावर दाबून, डोळे मिटून उभे होते. मग त्यांचा चेहरा असा काही बदलला, की मला नजर खाली करावी लागली.

त्यांनी रिसीव्हर माझ्या दिशेने केला.

"ऐकलंत? 'ये' म्हणाला. ऐकलंत ना, मीनाताई?"

मी दारात होते, फोनपासून दहा पावलांवर. मला खरखरीशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं.

"ऐकलं, काका," मी म्हणाले. "स्वच्छ ऐकलं."