व्हॅक्यूम पॅक

"बाबा, कागद आहेत ते. त्यांना दमा नाही होत," अक्षया तिसऱ्यांदा म्हणाली.

पण हरिश्चंद्र ऐकायला तयार नव्हता. सत्तावीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस. खारी हवा कागदाचं काय करते हे त्याला पाठ होतं. त्यात पावसचा पावसाळा, जिथे कपाटातल्या पट्ट्यालासुद्धा बुरशीच्या मिशा फुटतात. लेक पुण्याला इंजिनिअरिंगला चालली होती आणि तिच्या कागदांची जबाबदारी त्याने सगुणाकडून अक्षरशः हिसकावून घेतली होती. पोरीच्या शाळेचा पहिला दिवस, पहिलं बक्षीस, दहावीचा निकाल, सगळं त्याने कुठल्या ना कुठल्या बंदरातून फोनवर ऐकलं होतं. आता बोटीवरची नोकरी सुटली होती, तो घरी होता आणि हातात करण्यासारखं हे एकच काम उरलं होतं.

त्याने प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स काढल्या. मूळ कागदांसकट गठ्ठा चांगला विटेएवढा झाला. मग गठ्ठा उचलून तो गेला धाकूच्या काजू कारखान्यात.

"धाकू, याच्यातली हवा काढून दे."

"कागदांतली?" धाकूने मशीन थांबवलं. "हरीदादा, बरं हाय ना?"

"ओल शिरता कामा नये. काजूला करतोस तसंच कर."

धाकूने गठ्ठा मोठ्या चंदेरी पिशवीत घातला, हवा ओढली, तोंड चिकटवलं. पिशवीवर छापलेलंच होतं, 'अस्सल कोकणी काजू'. तेवढ्यात हॉस्टेलवर न्यायला म्हणून हरिश्चंद्रने खरे काजूही घेतले, अगदी तशाच पिशवीत.

"अहो, निदान कागदांची पिशवी कुठली ते पेनाने लिहा तरी वर," घरी आल्यावर सगुणा म्हणाली.

"मुद्दाम नाय लिहीत. प्रवासात चोर आला तर त्याला वाटलं पाहिजे, काजू आहेत."

"मग चोर काजू नेत नाहीत का?" अक्षयाने विचारलं.

हरिश्चंद्रने या बाजूने विचार केला नव्हता. पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने दोन्ही पिशव्या कपाटात ठेवल्या आणि विषय बदलला.

निघायच्या दिवशी दुपारी अक्षया म्हणाली, "बाबा, कॉलेजचं पत्र एकदा बघू. किती वाजता हजर राहायचंय ते बघते."

"अगो, आता फोडायचं म्हणजे..." असं म्हणत, पण मनातून खूश होत, हरिश्चंद्रने कात्री आणली. पोरीला आता कळेल, बापाने काय काम केलंय ते. त्याने पिशवीचं तोंड कापलं आणि ती पलंगावर उपडी केली. खळखळ करत पांढरेशुभ्र काजू बाहेर आले. काही पलंगाखाली गेले.

हरिश्चंद्रने रिकाम्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"ही नाही. दुसरी," हरिश्चंद्र म्हणाला.

दुसरी कपाटात नव्हती.

"ती मी सकाळी अक्कांना दिली," सगुणा म्हणाली. तिचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. "अहो, त्या देवरूखवरून पोरीला ड्रेस घेऊन आल्या. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी म्हटलं, दोन आहेत तर एक..."

अक्का म्हणजे हरिश्चंद्रची थोरली बहीण यमुनाबाई. फोन लावला तर ती देवरूखच्या गाडीत बसलेली.

"अक्का, काजू कुठायत?"

"इश्श! हरी, दिलेले काजू परत मागतोस?"

"परत नाय गो! म्हणजे हो, परतच. पण..."

"मी चिमाताईंना दिले. वाटेत भाट्याला उतरले होते, विहिणीकडे असं कसं जायचं हात हलवत?"

चिमाताई म्हणजे अक्काच्या मुलीची सासू. मानापानाच्या बाबतीत तिची ख्याती भाट्यापासून देवरूखपर्यंत होती. पुण्याची गाडी संध्याकाळची. बाप-लेक रेनकोट चढवून स्कूटरवर बसले.

"खरं काय ते सरळ सांगा," अक्षया वाटेत मागून ओरडली.

"सगुणाने काजू म्हणून कागद दिले असं विहिणीला सांगू? घराण्याची अब्रू काय राहील?"

चिमाताईने दोघांना झोपाळ्यावर बसवलं. चहा आला, चकली आली. हरिश्चंद्र चकली हातात धरून बसला.

"चिमाताई, अक्काने ते काजू..."

"हो, मिळाले. एवढं कशाला हो?"

"फोडले नाहीत ना?"

"नाय अजून."

"मग फोडू नका!" तो एवढ्या जोरात म्हणाला की झोपाळा हलला.

चिमाताईच्या कपाळावर आठी आली. "का? खराब आहेत?"

नाही म्हणावं तर परत कसे मागणार? हरिश्चंद्रने मान डोलावली. "जरासे. म्हणजे... धाकूचा माणूस म्हणाला, त्या पिशव्यांत कीड आहे."

"कीड!" चिमाताई उभी राहिली. "म्हणजे यमुनाबाईंनी मला किडके काजू दिले? तरी म्हटलं, आज एवढं प्रेम कुठून आलं!" आणि तिने तिथल्या तिथे अक्काला फोन लावला.

पुढची पाच मिनिटं दोन विहिणी स्पीकरवर बोलल्या. त्यात काजू फार थोडे होते. चार वर्षांपूर्वीच्या लग्नातली जेवणाची पंगत होती, कमी पडलेली मठ्ठ्याची पातेली होती आणि कुणाला तरी न मिळालेली पैठणी होती. हरिश्चंद्र मध्ये "अहो ऐका" म्हणत होता, पण बोटीचा भोंगा असता तरी त्या दिवशी ऐकू गेला नसता.

शेवटी अक्षयाने फोनच हातातून काढून घेतला.

"चिमामावशी, आत्या, दोघी ऐका. काजू नाहीतच त्यात. माझी मार्कलिस्ट आहे."

"मार्कलिस्ट?" दोन्हीकडून एकदमच आलं.

"आणि शाळा सोडल्याचा दाखला. बाबांनी हवा काढून पॅक केलंय. उद्या सकाळी ते नाही दाखवलं तर माझी ॲडमिशन जाईल."

चिमाताईने हरिश्चंद्रकडे पाहिलं. तो चकलीकडे पाहत होता. मग ती जी हसायला लागली ती खुर्चीचा आधार घेऊनच थांबली. फोनवर अक्काही हसत होती. चार वर्षांत त्या दोघी एका गोष्टीवर पहिल्यांदाच हसत होत्या.

पिशवी फ्रीझरमध्ये, बांगडे ठेवलेल्या डब्याखाली होती. अक्षयाने ती कापली. आतला प्रत्येक कागद करकरीत, कोरडा.

"बघ!" हरिश्चंद्रची छाती फुगली. "बर्फात ठेवलं तरी ओल नाय! बघ!"

"बघितलं," अक्षया म्हणाली आणि सगळे कागद साध्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये घातले. "पण आता ही माझ्याकडे."

"तर तर," चिमाताई म्हणाली. "आणि भाऊ, माझे काजू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुण्यात कॉलेजच्या खिडकीपाशी उभे होते. मूळ प्रती सापडल्या, झेरॉक्स सापडल्या, जास्तीच्या चार-चार झेरॉक्स खिडकीतल्या बाईंनी न विचारताच परत केल्या. हरिश्चंद्र फाईलकडे मानाने पाहत होता. एक कागद कमी नव्हता.

"पालकांचं आधार कार्ड?" बाईंनी विचारलं.

हरिश्चंद्रने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग परत शर्टाचा. महिनाभर त्याने अक्षयाच्या नावाचा प्रत्येक कागद जपला होता. स्वतःचं नाव असलेला एकही कागद पावसहून घेतला नव्हता.

"मी... आत्ता पुढच्या गाडीने जाऊन..." तो घामाघूम होत म्हणाला.

अक्षयाने सॅकचा पुढचा कप्पा उघडला. पावाच्या रिकाम्या पिशवीत त्याचं आधार कार्ड होतं, त्याची एक झेरॉक्स होती, दोन फोटो होते आणि त्याच्या बीपीच्या गोळ्या होत्या.

"हे तुझ्याकडे कसं आलं?"

"निघायच्या आधी कपाटातून घेतलं. तुम्ही माझंच आवरत होतात. म्हटलं, तुमचं कोण आवरणार?" तिने कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "झेरॉक्स एकच आहे हं. नीट धरा, हरवू नका."

"नाय हरवत," हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरलं.