आधीचा कुठं गेला?

आमच्या शेजारचे भानुदासनाना नव्या माणसाला लगेच रामराम घालत नाहीत. आधी विचारतात, ‘‘आधीचा कुठं गेला?’’ समाधानकारक उत्तर मिळालं, की मग रामराम.

चौसाळ्याच्या शाळेवर मी रुजू झालो आणि नानांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत माझी ही परीक्षा झाली. माझ्या आधी इथं एक कृषी सहायक राहायचे. ते कुठं गेले, मला काय ठाऊक? ‘‘इचारायचं तरी, सर. माणूस राहून गेलाय हितं.’’ शेवटी मी घरमालकाला फोन लावला. गृहस्थ परळीला बदलून गेल्याचं कळलं, तेव्हा कुठं नानांनी मला प्यायला तांब्याभर पाणी दिलं.

पाणी देणं हाच नानांचा जन्माचा धंदा. तीस वर्षं त्यांनी गावाचं पाणी सोडलं. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी, आज ही गल्ली तर उद्या ती. एखाद्या नळावर हंडा दिसला नाही, की दार वाजवून विचारायचे, ‘‘घरातलं कोण कमी झालं?’’ रिटायर झाल्यावर चावी गेली, चौकशी राहिली.

दवाखान्यात नवा डॉक्टर आला. त्यानं छातीला नळी लावली तर नानांनी ती हातानं बाजूला केली. ‘‘आधीचे कुठं गेले?’’ अंबाजोगाईला, असं डॉक्टर म्हणाला. ‘‘मग बरं हाय. लावा आता.’’ दूधवाल्याकडं नवी म्हैस दिसली तेव्हा तर कहर झाला. जुनी आटली म्हणून विकली, हे ऐकून नाना दोन दिवस बिनदुधाचा चहा प्याले. दूधवाला माझ्याकडं येऊन रडकुंडीला आला. ‘‘सर, मशीचा बी पत्ता देऊ का यांना?’’ मी म्हटलं, देऊन टाक.

अशा माणसाला मी बीडला सिनेमा दाखवायला नेलं, हे माझंच चुकलं.

झालं असं, की नानांना एकच सिनेमा पाठ होता. पाठीवर पितळी पंख लावून उडणाऱ्या एका माणसाचा, हिंदीत केलेला इंग्रजी सिनेमा. दुपारी टीव्हीवर लागला की नाना जेवण अर्धं टाकून बसायचे. नाना त्याला ‘पंखवाला’ म्हणत. तोच सिनेमा नव्यानं काढलाय आणि बीडला लागलाय, असं मी सांगितलं, तर नाना धुतलेला सदरा घालून सकाळीच माझ्या दारात हजर.

पडद्यावर पंखवाला आला. नाना कुजबुजले, ‘‘ह्यो कोण?’’ मी म्हटलं, नवीन हिरो आहे. ‘‘आधीचा कुठं गेला?’’ पुढच्या रांगेतला एक जण वळून बघायला लागला. मी नानांचा गुडघा दाबला.

मग पंखवाल्याच्या घराला आग लागते तो प्रसंग आला. नानांनी माझा हात घट्ट धरला. सिनेमा तोंडपाठ असलेल्या माणसाला एवढी कसली धास्ती, मला कळेना. आगीत पंखवाल्याची आई मेली. नानांनी हात सोडला आणि सरळ उठून दारावरच्या माणसाकडं गेले. मी मागोमाग पळालो.

‘‘ही आई बी दुसरीच हाय,’’ नाना त्याला म्हणत होते. ‘‘पहिलीचं नावसुदिक घेत न्हाईत कावून?’’

‘‘काका, पहिल्यापासून सुरू केलंय हे.’’

‘‘अन् आधी झालं ते?’’

‘‘ते झालंच न्हाई, असं धरायचं.’’

नाना परत येऊन बसले. मध्यंतरात सामोसा आणला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

येताना जीपमध्ये त्यांनी आपलं परीक्षण दिलं. ‘‘उडतो बेस. अंगानं बी आधीच्यापेक्षा भरलेला हाय. पर आधीच्याबद्दल एक शब्द? आपल्यात दुसरी बायको केली, तर ती पहिलीचा टाक घालती का न्हाई गळ्यात?’’

आमच्याकडं अशी जुनी रीत आहे. गेलेल्या पहिलीची चांदीच्या पत्र्यावर छोटी आकृती उठवायची आणि दुसरीनं ती गळ्यात बाळगायची.

‘‘तसा याच्या बी गळ्यात घालायचा जुन्याचा टाक. उडताना वझं झालं असतं का?’’

मी इतका हसलो, की सगळी जीप आमच्याकडं बघायला लागली. नाना हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात नानांची बहीण गयाबाई आली. नानांची बायको मी इथं येण्याच्या वर्षभर आधी गेली. मूलबाळ नाही. भावानं पुन्हा लग्न करावं म्हणून गयाबाई हात धुऊन मागं लागलेली. आता लिंबागणेशच्या एका विधवा बाईचं स्थळ आणलं होतं. नाना पहिल्यांदाच ‘हो’ म्हणाले, आणि मला सोबत घेऊन गेले.

गणपतीचं दर्शन झालं, पोहे झाले. बाईच्या भावानं सगळं विचारलं. शेती किती, शुगर आहे का, गुडघे कसे आहेत, तंबाखू खाता का. बाई शांत, चेहऱ्यावरून मायाळू वाटली. नाना प्रत्येक उत्तरानंतर जरा थांबायचे, आणि त्यांचा हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडं जायचा. मला वाटलं, म्हातारा लाजतोय. मनातून मला फार बरं वाटत होतं. एकट्यासाठी दोन भाकरी थापणारा हा माणूस मला रोज संध्याकाळी खिडकीतून दिसायचा.

संध्याकाळी घरी आल्यावर नाना पायरीवर बसले. ‘‘गयाला सांगा, न्हाई म्हणून.’’

‘‘का हो? बाई चांगली आहे की.’’

‘‘चांगली हाय. मानसं बी चांगली. समदं इचारलं त्यांनी.’’

खिशातून त्यांनी औषधाच्या पुडीचा कागद काढून उलगडला. आत नखाएवढा चांदीचा टाक होता. त्यावर एक बाई, दोन्ही हात जोडलेली.

‘‘सोनाराकडून करून घेतलता. म्हणलं, आधीची कुठं गेली असं कुणी इचारलं, तर दावावा.’’

मला त्या लिंबागणेशच्या लोकांचा राग आला. मग माझीच लाज वाटली. सहा वर्षं मी या माणसाच्या शेजारी राहतोय. दूधवाल्याची म्हैस कुठं गेली ते मला माहीत, आणि या बाईचं नावसुद्धा माहीत नाही.

मी विचारलं, ‘‘नाना, काकू कशा होत्या?’’

नानांनी सरकून मला पायरीवर जागा दिली.

‘‘सुभद्रा नाव हुतं. पंखवाला लागला की माझ्याबरुबर बसायची. आगीचं आलं की उठून चुलीकडं जायची. बघवायचं न्हाई तिला. थोड्या वेळानं आतनंच इचारायची, ‘मेली का हो त्याची आई?’ मी म्हणायचो, ‘न्हाई. या टायमाला वाचली.’ दर वेळेला हेच.’’

टाक त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळला.

‘‘तुमी म्हणले, नव्यानं काढलाय. म्हणून आलतो, सर. म्हणलं, या टायमाला खरंच वाचवली असंल.’’