विषय क्रमांक चार

मुलं जगात कशी येतात, हे तेरा वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीला त्यांच्या आईवडिलांनी दोन डिसेंबरपर्यंत सांगावं आणि सांगितल्याचं प्रपत्र भरून पाठवावं, असं परिपत्रक सन दोन हजार सहाच्या गणपतींनंतर पेणच्या चर्चमध्ये येऊन पोचलं. त्यावर सही होती, शिक्का होता आणि खाली एक पुरवणी होती. ज्या मुलाचं प्रपत्र येणार नाही, त्याचं दृढीकरण होणार नाही, असं पुरवणीत म्हटलं होतं. दृढीकरणाचा, म्हणजे मुलांची श्रद्धा पक्की करण्याचा, संस्कार द्यायला बिशप तीन वर्षांतून एकदा पेणला येत. या खेपेला ते डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येणार होते.

पेणला कॅथलिक कुटुंबं एकोणीस आणि तेरा वर्षांवरची मुलं तेवीस. त्यांतली एक जसिंता, नुकतंच पंधरावं लागलेली. तिचे वडील इनास मार्तीस हे चर्चच्या समितीचे सचिव. त्यामुळे तेवीस प्रपत्रं गोळा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि त्यांतलं एक भरण्याचीही.

प्रपत्रांना इनास घाबरणारे नव्हते. रोह्याच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी सुपरवायझर होते. तिथे कुठलंही काम सुरू होण्याआधी कामगारांना गोल उभं करायचं, पाच मिनिटं धोके समजावून सांगायचे आणि मग रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, अशी पद्धत होती. अनुभवानं इनास यांनी ती सुधारली होती. ते सह्या आधी घेत. सह्या झाल्या की धोका निम्मा कमी होतो असं त्यांचं मत होतं, आणि ऑडिटवाल्यांचं त्याहून वेगळं नव्हतं.

समितीच्या बैठकीत विषय चार होते. छपराची गळती, पेटीचा फाटलेला भाता आणि नाताळचा गोठा या तीन विषयांनी मिळून दोन तास घेतले. मग फादर ऑस्वल्ड यांनी चष्मा लावला, परिपत्रकाचं शीर्षक मनात वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "विषय क्रमांक चार."

"काय आहे तो?" फ्लोरी टीचरांनी विचारलं. या निवृत्त मुख्याध्यापिका आणि समितीच्या उपाध्यक्षा.

फादरांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. टीचरांनी तो वाचला, त्याची घडी घातली, ती पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. "खिडकी लावून घ्या कुणीतरी," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून पेणच्या कॅथलिक समाजात त्या गोष्टीला 'विषय क्रमांक चार' हेच नाव पडलं.

"बोलायचंय पालकांनीच," फादर म्हणाले. "मी काय सांगणार? मला अनुभव नाही."

"अनुभव आहे त्यांना तरी कुठं सांगता येतंय, फादर? मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तो धडा आला की म्हणायची, हा घरी वाचून या."

"आणि घरी?"

"घरचे म्हणायचे, शाळेत शिकवतील."

यावर इनास यांनी मार्ग काढला. परिपत्रकाच्या कलम सहानुसार तक्ता किंवा प्रतिकृती वापरायला परवानगी होती. तक्ता भिंतीवर लागतो, म्हणजे दिसतो. प्रतिकृती कपाटात ठेवता येते. पेणला राहून प्रतिकृतीसाठी लांब जायची गरजही नव्हती. हमरापूर आणि जोहे या गावांत घरटी एक मूर्तिकार. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला आणि सगळ्यांना खूप हलकं वाटलं. आता प्रतिकृती येईपर्यंत कुणालाच काही बोलावं लागणार नव्हतं.

घरी इनास जेवायला बसले तेव्हा जसिंता समोर येऊन उभी राहिली.

"पपा, त्या विषय क्रमांक चारमधलं एक विचारायचं होतं."

इनास यांच्या घशात माशाचा काटा नव्हता, तरी ते पाणी प्यायले. "आत्ता नको. आधी प्रतिकृती येईल, मग फॉर्म येईल. फॉर्ममध्ये प्रश्नांना रकाना आहे."

"किती मोठा?"

"तीन प्रश्न मावतील."

"माझा एकच आहे," जसिंता म्हणाली आणि आत गेली.

जोह्याच्या काळुरामला देवाच्या मूर्ती सोडून दुसरं काही करायला सांगणारं इनास हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाईमानसाची मूर्ती म्हंजे गौर. गौर हाय आपल्याकडं."

"गौर नको. शैक्षणिक पाहिजे. आतलं दिसलं पाहिजे."

"आतलं?" काळुरामनं एक कोरी मूर्ती उलटी करून दाखवली. "आत काय नसतं, सायेब. पोकळ असते."

बाजूला सोंडेला रंग देत बसलेली त्याची बायको हौसा म्हणाली, "कोनाला दावायची हाय?"

"मुलांना. माझ्या मुलीलाही."

"तिला आय नाय?"

"आहे की."

"मंग?"

"ती समितीत नाही," इनास म्हणाले. हौसानं ब्रश पाण्यात बुडवला आणि तो जरुरीपेक्षा जास्त वेळ ढवळला.

दहा दिवसांनी प्रतिकृती तयार झाली. गौरीच्या साच्यातली, अडीच फुटी, पोटाला बिजागरीचं दार. दार उघडलं की आत बाळ. पण काळुरामकडे बाळाचा साचा एकच, बाळकृष्णाचा. त्यामुळे ते बाळ आईच्या पोटात रांगत होतं आणि त्यानं एक हात वर केला होता. "लोनी काढलंय हातातलं," काळुरामनं खुलासा केला. मोरपीस मात्र राहून गेलं होतं.

समितीनं प्रतिकृती पाहिली आणि त्रुटी नोंदवल्या. पहिल्या फेरीत मोरपीस काढावं आणि दाराला कडी लावावी असं ठरलं. कडी कुणीही उघडू शकतं हे लक्षात आल्यावर दुसऱ्या फेरीत कुलूप लागलं. किल्ली फादरांना दिली तर ते म्हणाले, लोक काय म्हणतील; म्हणून ती फ्लोरी टीचरांच्या पर्समध्ये गेली. तिसऱ्या फेरीत टीचरांनी अंगभर साडी सुचवली. चौथ्या फेरीत साडीचा पदर डोक्यावरून घेतला गेला, कारण समोर फादर बसणार होते.

"आणि ती हसते कशाला?" पाचव्या फेरीत टीचरांनी विचारलं. "या विषयात हसण्यासारखं काय आहे?"

काळुरामनं ओठ मिटवले आणि नजर खाली वळवली. सहाव्या फेरीत हातांचा प्रश्न आला. ते नुसतेच लोंबत होते आणि त्यातून भलताच अर्थ निघू शकत होता.

"जोडलेलं हात हायत माझ्याकडं," काळुराम म्हणाला, "पन ते उंदराचं."

शेवटी त्यानं हात नवे घडवले. साडीला निळा रंग दिला, कारण समितीला तो सर्वांत निरुपद्रवी वाटला. काठाला सोनेरी रंग त्यानं कुणी न सांगता लावला. हाताला सवय.

इनास मूर्ती टेम्पोतून घेऊन आले तेव्हा हमरापूरच्या नाक्यावर दोघांनी चपला काढून नमस्कार केला. इनास यांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

मूर्ती कपाटात मावेना, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवली. मंगळवारी तिच्यापुढे कुणीतरी मेणबत्ती लावली. बुधवारी शेवंतीचा हार आला. गुरुवारी गडब गावाहून लग्नाला सहा वर्षं झालेली एक बाई आली, गुडघे टेकून बराच वेळ बसली आणि जाताना मूर्तीच्या पायाशी मेणाचं बाळ ठेवून गेली. मूल व्हावं म्हणून मोतमाऊलीच्या चर्चमध्ये वाहतात तसं. जसिंतासाठी तिच्या आईनंही वाहिलं होतं. आपण कुठून आलो या प्रश्नाला घरात जसिंताला आजवर मिळालेलं उत्तर एवढंच होतं: नवसानं.

"पण ही आशीर्वादित मूर्ती नाही हो!" फादर हवालदिल झाले.

"मग द्या आशीर्वाद," टीचर म्हणाल्या. "बिनआशीर्वादाच्या मूर्तीपुढं लोक गुडघे टेकतात, हे बरं दिसतं का?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. आणि आता आशीर्वादित मूर्तीच्या पोटाचं दार उघडणं म्हणजे विटंबना, हेही ओघानंच आलं. किल्ली लिफाफ्यात घालून मोहोरबंद करण्यात आली. 'प्रतिकृतीचा वापर: पूर्ण' अशी नोंद इनास यांनी केली.

या सगळ्यात जसिंतानं आणखी दोनदा विचारून पाहिलं. एकदा इनास यांची शिफ्ट होती आणि एकदा तिसरी फेरी.

शेवटी प्रपत्रं आली. मुलानं विचारलेले तीन प्रश्न, पालकांनी दिलेली उत्तरं, संवादाचा कालावधी (किमान तीस मिनिटं), मुलाची सही. बाकीच्या अठरा घरांतून अठरा पालक इनास यांच्याकडे आले आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "काय लिहायचं, ते तुम्हीच सांगा." इनास यांनी नमुना तयार केला. प्रश्न एक: आपलं शरीर ही देवाची देणगी आहे का? उत्तर: होय. प्रश्न दोन: तिचा मान राखावा का? उत्तर: होय. प्रश्न तीन: आणखी काही शंका? उत्तर: नाही. कालावधी: तीस मिनिटं.

जसिंताचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून नमुन्यावरून प्रती काढायचं काम तिच्याकडे आलं. तिनं घरागणिक पेन बदलून बावीस प्रती लिहिल्या.

"पपा, माझ्या फॉर्मवर माझा प्रश्न लिहू?"

"हाच लिही. सगळे एकसारखे असले की तपासायला बरं," इनास कारखान्यात जाता जाता म्हणाले.

शनिवारी दुपारी पहिल्या पाळीवरून येऊन ते गठ्ठा तपासायला बसले. बावीस प्रपत्रं उत्तम होती. तेविसाव्यावर पहिले दोन प्रश्न कोरे होते. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'मला पंधरावं लागलं. माझी पाळी अजून आली नाही. वर्गात सगळ्यांची आली. मला मूल होणार नाही का? मला पण मेणाचं बाळ वाहावं लागेल का?' उत्तराचा रकाना रिकामा होता.

ॲसिडची पाइपलाइन फुटली तर काय करायचं, हे इनास यांना झोपेतही सांगता आलं असतं. वारा कुठून येतो ते बघायचं आणि त्या दिशेला निघायचं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. वारा नव्हता. ते स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको रेजिना मोरीपाशी बसून मांदेली मासळी साफ करत होती.

"हे जरा वाच."

"हात बरबटलेत माझे. तुम्हीच वाचा."

इनास यांनी घसा साफ केला. "'मला पंधरावं लागलं. माझी… अजून आली नाही.'"

"काय आली नाय? गॅसची गाडी?"

"तसं नव्हे. ते… पुढं लिहिलंय सगळं."

"पाळी, मम्मी," दारातून जसिंता म्हणाली. "आणि मला मूल होणार नाय का, ते विचारलंय."

रेजिनानं विळी बाजूला सारली.

"एवढंच ना गो? मला सोळा भरताना आली. तुझ्या मावशीला माझ्याहून उशिरा, आणि तिची चार पोरं तुझ्यासमोर नाचतात. सोमवारी डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ, म्हंजे तुझ्या मनातलं जाईल. आणि ते मेणाचं बाळ मी वाहिलं खरं, पण देवानं केव्हाच ऐकलं असतं. डॉक्टरकडं यायला तुझ्या पपांनी सात वर्षं लावली. लाज वाटायची."

इनास यांनी प्रपत्र चेहऱ्याच्या जरा वर धरलं.

"हे इतके दिवस का नाय विचारलंस?" रेजिनानं लेकीला विचारलं.

"पपा म्हणाले फॉर्म येऊ दे," जसिंता म्हणाली. "आणि तू का नाय सांगितलंस, मम्मी?"

रेजिनानं विळी पुन्हा पुढं ओढली. "मला वाटलं, समिती सांगणार हाय."

जसिंता तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं एक मांदेली उचलली. मग ती हसली. महिनाभर ती अशी हसली नव्हती.

सवयीनं इनास यांनी घड्याळ पाहिलं. प्रश्न, उत्तर, उलटप्रश्न धरून एक मिनिट चाळीस सेकंद. नियम तीस मिनिटांचा. शिवाय उत्तर देणारी व्यक्ती असमितीय, प्रश्न नमुन्याबाहेरचा. गाव सोडून पळता आलं असतं तर त्यांनी विचार केला असता. पण उद्या बिशप येणार होते आणि तीन वर्षांनी जसिंताला अठरावं लागलं असतं.

"पपा," तिनं मागे न वळता विचारलं, "खरा पाठवायचा की पास होणारा?"

इनास यांनी लाल पेन काढलं आणि त्या कागदावर लिहिलं: 'त्रुटी. कालावधी अपुरा.' जसिंतानं हात धुतले आणि तेविसावी प्रत नमुन्याबरहुकूम लिहून दिली. लाल शेऱ्याचा कागद मात्र इनास यांनी फाडला नाही. घडी घालून पाकिटात ठेवला.

रविवारी बिशपांनी पेणचं कौतुक केलं. शंभर टक्के संवाद झालेलं हे पहिलंच चर्च होतं. "घरी बोलणं झालं ना, मुलांनो?" त्यांनी विचारलं. "झालं," रांग म्हणाली. "किती वेळ?" "तीस मिनिटं," तेवीस तोंडांतून एका सुरात आलं. जाताना ते कोपऱ्यातल्या मूर्तीपुढे थांबले. समोर आता मेणाची अकरा बाळं होती.

"या कोणत्या संत?"

फादरांनी टीचरांकडे पाहिलं. टीचरांनी पर्स घट्ट धरली.

"स्थानिक आहेत, बिशप," त्या म्हणाल्या.

बिशपांनी हात जोडले.

चोखंदळ वाचकांना पेणच्या या समितीचं हसू आलं असेल, आणि ते योग्यच आहे. फक्त एक गोष्ट नजरेस आणणं भाग आहे. परिपत्रकाच्या शीर्षकात होता तो शब्द या संपूर्ण गोष्टीत एकदाही छापलेला नाही, आणि आपल्याकडून तशी तक्रार अद्याप आलेली नाही. आपल्या घरात तेरा वर्षांवरचं कुणी असेल, तर हे पान वाचून झाल्यावर वरच्या कप्प्यात ठेवायचा विचार आपण करतच असाल. ठेवा. कुलूपही लावा. पण त्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून या. एक मिनिट चाळीस सेकंद लागतात, आणि दारात कुणीतरी कधीचं उभं आहे.