गाडीला कळवलं नाही

बॅटरी कशी जपावी हे वाचता वाचता नवऱ्याने बॅटरी संपवली.

त्यात त्याचा दोष तसा थोडाच. नव्या गाडीचं माहितीपुस्तक कागदावर नव्हतंच, ते गाडीच्या पडद्यावर होतं. सकाळी साडेसहाला तो इंजिन न लावता, आतला दिवा आणि पंखा लावून गाडीत बसला आणि ‘आधुनिक बॅटरी : ओळख आणि निगा’ हे प्रकरण वाचू लागला. नऊ वाजता ‘पडदा विनाकारण चालू ठेवू नये’ या वाक्यापाशी पडदा काळा झाला.

बायकोची लायसन्सची परीक्षा अकराला होती. तिसरी. या वेळीही गेली तर सोमवारची नवी नोकरी गेलीच, कारण कामच गाडी घेऊन दुकानोदुकानी फिरण्याचं होतं.

आधीच्या दोन्ही वेळा तिला गाडीच्या हुशारीने बुडवलं होतं. सिग्नलला थांबलं की पेट्रोल वाचवायला गाडी आपणहून इंजिन बंद करायची, आणि ब्रेकवरचा पाय उचलला की चालू. पहिल्या वेळी परीक्षकसाहेबांनी शांतपणे लिहिलं, ‘गाडी बंद पाडली.’ दुसऱ्या वेळी तिने ती सोय बंद करायचं बटण दाबलं, पण घाईत शेजारचं. इंजिन बंद पडलंच, वर साहेबांची सीट तापू लागली. साहेबांनी आठ मिनिटं सोसलं आणि लिहिलं, ‘परीक्षकास चटके.’

“तू वाचत बस,” बायको नवऱ्याला म्हणाली आणि तिने वडिलांना फोन लावला.

सासरे बस आगारातले निवृत्त मेकॅनिक. तासाभरात स्कूटरवर नवी बॅटरी आणि बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली घेऊन हजर.

“जावईबापू, हिची बुचं कुठायत?”

“हिला बुचं नसतात, बाबा. ही बंद बॅटरी. आत काचेच्या धाग्यांची गादी असते, ती सगळं शोषून धरते.”

“मग पाणी?”

“कधीच नाही.”

“मग मी चौतीस वर्षं काय केलं?”

सासऱ्यांनी बाटली कुंडीत रिकामी केली. हाताची सवय, दुसरं काय.

बॅटरी बसली. नवऱ्याने गॅरेजवाल्याला फोन करून विचारलं, “झालं ना आता?”

“नवी बसवली हे गाडीला कळवलंत का?”

“कळवायचं म्हणजे?”

“मशीन लावून. नाहीतर तिला वाटतं जुनीच मरतुकडी आहे. येतो मी चारला.”

सासऱ्यांनी बॉनेटवर थाप मारली. “हे बघ बाई, नवी आणलीय. पावती दाखवू?”

“बाबा, बसा मागे! साडेदहा झाले.”

परीक्षेला साहेब या वेळी बुडाखाली जाडजूड फाइल घेऊन बसले. पहिला सिग्नल लाल झाला. बायकोने ब्रेक दाबला.

इंजिन चालूच.

साहेबांनी कान पुढे केला. “चालू आहे?”

“चालू आहे, साहेब.”

“अजून?”

“अजून.”

गाडीचा त्या मरतुकड्या बॅटरीवर काडीचा भरवसा नव्हता. एकदा इंजिन बंद केलं तर परत लागेल की नाही, या धास्तीने पाचही सिग्नलला ती घुरघुरत उभी राहिली. साहेबांनी लिहिलं, ‘पास.’ मग हळूच फाइल काढून घेतली.

आरटीओच्या फाटकापाशी नवरा आणि सासरे ताटकळले होते. साहेब खाली उतरले, पण जाईनात. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“मॅडम, एक विचारू? मीही हीच गाडी घेतलीय. सिग्नलला सारखी बंद पडते. तीन महिने शोरूमवाल्यांशी भांडतोय. तुम्ही नेमकं काय केलंत?”

“काही नाही, साहेब. बॅटरी बदलली. फक्त गाडीला कळवलं नाही.”

साहेबांनी फाइल उघडून ते लिहून घेतलं.

“मी कळवलं होतं,” सासरे दुखावून म्हणाले.