सेहेचाळीस कंबर कुणाची?

"आजपासून गिऱ्हाईक आपल्याला शोधत येणार!" सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता मास्तरांनी जाहीर केलं.

"मग इतके दिवस काय वाट चुकून येत होतं?" बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवून काजं करायला बसली.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान बावीस वर्षांचं. दोन मशिनं, कापणीचं एक लांबलचक टेबल, पडद्याआड एक आरसा आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत चांगलं नाव. ते नाव कापणीमुळे होतं असं मास्तर समजत. खरं तर ते मास्तरांच्या गप्प बसण्यामुळे होतं. मास्तर माप कधी तोंडाने बोलत नसत. टेप लावायचा, मान डोलवायची, वहीत आकडा टिपायचा आणि वही मिटायची. पँट घट्ट व्हायला लागली की मास्तर आतली शिलाई गुपचूप उसवून दोन बोटं कापड सैल सोडत, आणि गिऱ्हाइकाला वाटे, कॉलेजात होतो तसाच आहे की मी! अशी शे-दीडशे सुखी माणसं मास्तरांनी त्या चार गल्ल्यांत तयार केली होती.

आता हा संसार सुरळीत चाललेला असताना मास्तरांना वेबसाईटची हौस आली. भाचीने ती करूनही दिली. तीन महिन्यांत ती एकवीस वेळा पाहिली गेली. त्यातल्या एकोणीस वेळा मास्तरच होते. उरलेल्या दोन वेळांत एकदा भाची आणि एकदा बायको. तेही तिचं चुकून बोट लागलं होतं म्हणून.

मग मास्तर मोबाईलवर सल्ले ऐकायला लागले. छोट्या धंदेवाल्यांना मोठं करणारा एक गृहस्थ त्यांना सापडला. त्याच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच लांब होती, हे मास्तरांच्या पहिल्या नजरेत भरलं. पण बोलायचा झकास! "गिऱ्हाइकाला नावाने हाक मारा! त्याची एखादी खास गोष्ट तुमच्या लक्षात आहे हे त्याला दाखवा! आणि वेबसाईटवर यायला त्याला काहीतरी कारण द्या!"

मास्तर खुर्चीतून उडालेच. शिंप्याच्या लक्षात गिऱ्हाइकाची खास गोष्ट कोणती असणार? माप! ज्याचं माप त्यालाच कळवायचं, यात वाईट काय? आणि खाली लिहायचं, 'माप बदललं असल्यास आमच्या वेबसाईटवर नवं माप भरा.' आलंच की कारण!

यादी तर तयारच होती. बायकोने दुपारच्या दुपारी बसून अख्खी वही संगणकात उतरवली होती. एका रकान्यात नाव, शेजारी ईमेल, त्याच्या शेजारी छाती, कंबर, बाही, उंची. एकशे बेचाळीस गिऱ्हाइकं. फक्त एक बारीकशी भानगड होती. मास्तरांच्या लक्षात माणसं राहत, नावं राहत नसत. त्यामुळे वहीत 'बँकवाले साहेब', 'दंतवैद्य', 'मुख्याध्यापिका बाई', 'पोहण्याचे सर' अशी नोंद असे. इथवर ठीक होतं. पण पुढे 'घासाघीस काकू' आणि 'परत-उसवा वकील' अशीही मंडळी होती, आणि बायकोने इमानेइतबारे जसंच्या तसं उतरवलं होतं.

बायको बटणं आणायला बाजारात गेली आणि मास्तर संगणकासमोर बसले. नावं जरा अकारविल्हे लावावीत म्हणून त्यांनी नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. संगणकाने अदबीने विचारलं, 'शेजारच्या रकान्यांनाही सोबत हलवायचं का?'

"शेजाऱ्यांना कशाला त्रास!" मास्तर पुटपुटले आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

नावं कवायतीच्या पोरांसारखी सरसर रांगेत उभी राहिली. मास्तरांना भरून आलं! मग त्यांनी पत्राचा मसुदा आणि यादी एकमेकांना जोडली, आणि ठीक अकरा वाजता एकशे बेचाळीस पत्रं एका बोटाच्या टिचकीने रवाना झाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बँकवाले साहेब! मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. साहेबांच्या बँकेतल्या सव्वीस लोकांना एकसारखे कोट शिवायचे होते, आणि ते काम कुणाला द्यायचं हे साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते. मास्तर तीन आठवडे त्या सव्वीस कोटांची स्वप्नं पाहत होते.

"मास्तर!" साहेब हसता हसता गुदमरत होते. "अहो, दंतवैद्याची कंबर सेहेचाळीस?"

"काय?"

"तुमचं पत्र आलंय ना! 'नमस्कार, दंतवैद्य! तुमची सेहेचाळीस कंबर आमच्या लक्षात आहे!' ते चुकून माझ्याकडे आलं. अहो, हा माणूस रोज बागेत फिरताना मला गोड खाऊ नका म्हणून सुनावतो! आणि स्वतः डगल्याखाली सेहेचाळीस घेऊन हिंडतो! मी अख्ख्या बँकेला वाचून दाखवलं. आत्ता त्यालाही फोन करतोय!"

"साहेब, फोन नका—" मास्तर म्हणाले, पण साहेबांनी तो ठेवला होता.

दंतवैद्य! तो माणूस तर मोजपट्टीसारखा! त्याची कंबर चौतीस. मास्तरांनी यादी पाहिली. 'दंतवैद्य' या नावापुढे ठळक सेहेचाळीस! तेवढ्यात बायको बटणं घेऊन परत आली.

"अगं, चौतीसचे सेहेचाळीस केलेस तू!"

"मी?" बायकोने बटणांची पुडी टेबलावर आपटली. "दोन महिने डोळे फोडून उतरवलंय मी ते! एक आकडा चुकला असेल तर नाव बदलीन!"

नावाचा विषय तिने नेमका काढला, पण मास्तरांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही. कारण दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या, चेहरा दुखवट्याला आल्यासारखा करून.

"मास्तर, पोहण्याच्या सरांना काय झालंय हो? त्यांच्या नावाचं पत्र मला आलं. छाती अडतीस आणि कंबर त्रेचाळीस! तरणाताठा माणूस! काही आजारबिजार आहे का? मी त्यांच्या बायकोला फोन करून धीर दिला. ती रडायलाच लागली बिचारी!"

मास्तर घोटभर पाणी प्यायले. बाई जातात न जातात तोच वकील आत आले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात तीच ती करडी पँट, तिसऱ्यांदा उसवून घ्यायला आणलेली.

"मास्तर, मी काकू आहे?"

"नाही, वकीलसाहेब."

"मग हे काय? 'नमस्कार, घासाघीस काकू!' कोण ही घासाघीस काकू?"

"मी पण तेच विचारायला आले," मागून आवाज आला. दारात साक्षात काकू! "मला आलेल्या पत्रात 'नमस्कार, परत-उसवा वकील' असं लिहिलंय. हा परत-उसवा वकील म्हणजे कोण?"

वकिलांनी हातातली पँट हळूच पाठीमागे नेली.

"पण काही म्हणा," काकू चष्मा सावरून मोबाईल वाचायला लागल्या, "छाती बेचाळीस, कंबर चाळीस! वकील आहे की पिंप?"

वकील म्हणजे उदबत्ती! त्यांनी एकदा स्वतःकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. "आणि काकूंची कंबर माझ्या पत्रात अठ्ठावीस लिहिलीय! आहे का काही ताळतंत्र?"

"अठ्ठावीस?" काकूंचा चेहरा उजळला. "दाखवा बघू! हो की! आपल्या मास्तरांचं माप कधी चुकायचं नाही! पण मास्तर, घासाघीस कशाला लिहिलंत?"

"म्हणजे... घासूनपुसून सगळं लख्ख ठेवणाऱ्या," मास्तर म्हणाले.

काकू लाजल्या! आणि अठ्ठावीस कंबरेच्या डौलात तरंगत निघून गेल्या. वकिलांनी पँट टेबलावर ठेवली, "अर्धा इंच," एवढंच म्हणाले, आणि तेही गेले.

एवढा वेळ बायको एका हाताशी जुनी वही आणि दुसऱ्या हाताशी यादी घेऊन बसली होती. ती एकदम म्हणाली, "अहो, नावं सरकलीत."

"म्हणजे?"

"फक्त नावं. पत्ते जागच्या जागी आहेत, मापं जागच्या जागी आहेत. ज्याला पत्र गेलं त्याचंच माप त्यात गेलंय. वरचं नाव तेवढं दुसऱ्याचं."

मास्तर मट्कन स्टुलावर बसले. "म्हणजे काकू ज्याला पिंप म्हणाल्या ते..."

"त्या स्वतःच."

"बाईंना ज्याची काळजी वाटली ते..."

"बाईंचंच माप."

"आणि बँकवाले साहेब सकाळपासून जिला हसतायत ती सेहेचाळीस कंबर..."

बायकोने वही फक्त मास्तरांपुढे सरकवली. 'बँकवाले साहेब. कंबर ४६.' अक्षर मास्तरांचंच.

मास्तरांनी भाचीला फोन लावला. ती ऑफिसात होती, हळू आवाजात म्हणाली, "मामा, सोप्पं आहे. सगळ्यांना दुसरं पत्र पाठवा. 'नावात चूक झाली, बाकी मजकूर बरोबर आहे.' झालं!"

"हुशार पोरगी!" मास्तरांनी भराभर टंकलं. पाठवायचं बटण दाबणार, तोच बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"काय करताय? 'बाकी मजकूर बरोबर आहे' म्हणजे काय होतं कळतंय का? ज्या कंबरेला तुम्ही हसलात ती तुमचीच, असं एकशे बेचाळीस लोकांना लेखी कळवताय तुम्ही!"

मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. खरं सांगावं तर सगळे दुखावणार, न सांगावं तर बिचारा दंतवैद्य बदनाम. बावीस वर्षं जे तोंडातून निघू दिलं नाही, ते एका टिचकीत घरोघर पोचवलं होतं! वेबसाईट उघडून पाहिली, तर एका दिवसात दोनशे सोळा लोक! नवं माप भरायच्या जागी झुंबड उडालेली. बँकवाल्या साहेबांनी स्वतःहून भरलं होतं: 'कंबर ३६.' मुख्याध्यापिका बाई बत्तीस. काकूंनी अठ्ठावीसही नाही, सत्तावीस!

दुपारी तीनच्या सुमाराला दंतवैद्य आले. दवाखान्याच्या पांढऱ्या डगल्यातच आले, हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

"मास्तर, मी एका माणसाचा दात धरून उभा होतो," ते म्हणाले, "आणि त्या माणसाने तोंड उघडं ठेवून मला विचारलं, 'सेहेचाळीस?' माझ्या सगळ्या पेशंटांना कळलंय! आता मला सांगा, ती कंबर कुणाची आहे?"

"डॉक्टर, तुमची नाही, एवढं मी शपथेवर—"

"ते मला माहीत आहे! कुणाची आहे?"

आणि नेमके याच वेळी बँकवाले साहेब हसत हसत आत आले. "काय डॉक्टर! पट्टा बदलायला आलात वाटतं?"

"थांबा!" डॉक्टर गर्रकन वळले. "पत्र तुम्हाला आलं. तुमच्या पत्त्यावर. मग ही कंबर तुमचीच कशावरून नाही?"

साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं. हात हळूहळू कोटाच्या बटणाकडे गेला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत आता बँक नव्हती, साहेबी नव्हती. एका छत्तीस कंबरेच्या माणसाची, आपलं छत्तीसपण जपण्याची केविलवाणी विनवणी होती. मास्तरांना त्या नजरेत सव्वीस कोटही दिसले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या आधी त्यांना माणूस दिसला, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे.

"माझी!" मास्तर ओरडले.

"काय?"

"ती कंबर माझी आहे! यादीत मी माझंही माप टाकलं होतं. नावं सरकली. चूक माझी, कंबरही माझी!"

डॉक्टरांनी डोळे बारीक केले. दातांच्या धंद्यात रोज खोटं ऐकून तयार झालेले डोळे ते! "असं? मग दाखवा!" म्हणून त्यांनी टेबलावरचा टेप उचलला आणि मास्तरांच्या पोटाला गुंडाळला. पडद्याशी उभी असलेली बायको तोंडावर हात ठेवून पाहत राहिली. मास्तरांची कंबर चाळीस! लग्नातल्या सुटापासून चाळीस, हे मास्तर स्वतः सांगत असत.

डॉक्टर वाकले. चष्मा वर केला. परत वाकले.

"सेहेचाळीस," ते म्हणाले. "तंतोतंत. माफ करा मास्तर. माफ करा साहेब."

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की कोटाचं मधलं बटण तुटून टेबलाखाली गेलं. मास्तरांनी ते मुकाट्याने शोधून दिलं. साहेबांनी तिथल्या तिथे मास्तरांचा हात धरला आणि सव्वीस कोटांचं काम त्यांना देऊन टाकलं. "मात्र माझं माप वेबसाईटवर भरलंय तेच धरा बरं का," ते जाता जाता म्हणाले.

"धरलं," मास्तर म्हणाले. धरलंही त्यांनी. साहेबांचा कोट आणि पँट शिवली सेहेचाळीसच्या मापाने, आणि आतल्या पट्टीवर रेशमी दोऱ्याने भरलं छत्तीस. साहेब अजून सांगतात, असं अंगावर बसणारं कापड आजवर कुणी शिवलं नाही!

दुसरं पत्र बायकोने लिहिलं. 'मागच्या पत्रातलं सगळंच चुकलं होतं. राग नसावा. पोहण्याच्या सरांची प्रकृती उत्तम आहे.' बस, एवढंच.

पण ते नंतर. त्या दुपारी सगळे निघून गेल्यावर बायकोने मास्तरांपुढे चहा ठेवला आणि कधी नव्हे ती कौतुकाने त्यांच्याकडे पाहत राहिली.

"एक मात्र मानलं हं तुम्हाला," ती म्हणाली. "ऐन वेळी काय पोट फुगवलंत! अगदी सेहेचाळीसवर आणून ठेवलंत!"

मास्तरांनी मान खाली घालून चहाचा घोट घेतला.

फुगवणारच होते ते. डॉक्टरांनी मोजायची घाई केली.