साळोबाची मूळ रंगाची फटफटी

एका जंगलात, जिथे पायवाटा होत्या पण एसटी येत नव्हती, साळोबा नावाचा साळिंदर राहत होता.

मुलांनो, या साळोबाकडे एक फटफटी होती. जपानी. त्याच्या वडिलांनी घेतलेली. एका किकमध्ये सुरू व्हायची आणि धूर सोडत घाट चढायची.

जंगलाचे वैद्य, म्हणजे एक म्हातारं माकड, घाटापलीकडे राहायचे. कुणी आजारी पडलं की साळोबा त्याला मागे बसवून तिकडे न्यायचा. साळोबाच्या अंगावर काटे, म्हणून मागे बसणारा मधे गोणपाट धरायचा. दसऱ्याला साळोबा गाडी ओढ्यावर धुवायचा, झेंडूची माळ घालायचा आणि टाकीवर कुंकवाचं बोट लावायचा.

अशाच एका दसऱ्याला बगळा आला. पांढराशुभ्र, चष्मा लावलेला. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हा त्याचा धंदा. गाडीपुढे तो बराच वेळ एका पायावर उभा राहिला.

"रंग मूळचाच?"

"होय जी. बाबांनी आणली तेव्हाचा."

"आरसे?"

"डावा मूळचा. उजवा गेला, सुगरणीला वैद्यांकडे नेताना दरड कोसळली तेव्हा."

"अरेरे!" बगळा कळवळला. सुगरणीसाठी नाही, आरशासाठी.

मग त्याने किंमत सांगितली. "एक डोंगर."

"डोंगर? अख्खा?" साळोबाने विचारलं.

"जपलीत तर डोंगर आणि वर ओढा. सिंहाचे मेहुणे अशा गाड्या जमवतात. फक्त कुंकू लावू नका, रंग जातो. धुऊ नका. आणि मुख्य म्हणजे, चालवू नका. मीटर जितका कमी, तितकी किंमत जास्त."

"मग गाडीचं करायचं काय?"

"बघायचं," बगळा म्हणाला.

साळोबाने फटफटी गुहेत नेली. वर गोणपाट पांघरलं. पुढच्या दसऱ्याला झेंडूची माळ शेजारच्या दगडाला घातली.

मग हरिणीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा धावत आला.

"साळोबा, काढ की गाडी!"

"अरे, मीटर पुढे जाईल."

"मग उलटी चालव!"

"चेष्टा करू नकोस. डोंगर आणि ओढा आहे हा!"

हरिणी चालत निघाली आणि घाटातच, करवंदीच्या जाळीत बाळंत झाली. पाडस जगलं, पण पायाने अधू राहिलं. तरी जंगल साळोबावर चिडलं नाही. उलट सगळ्यांना अभिमान वाटू लागला. "डोंगराच्या मोलाची गाडी आहे हो आपल्याकडे," असं हरिणीच पाहुण्यांना सांगायची. पाडस लंगडत गुहेशी जायचं आणि लांबूनच गोणपाट बघून यायचं.

सिंहाचे मेहुणे दोनदा विचारून गेले. "अजून थोडं थांबतो," साळोबा म्हणाला. "वाढतेय."

एके दिवशी साळोबाच्याच पोटात दुखू लागलं. असं की तो गडाबडा लोळू लागला.

"गाडी काढू या," हरिणीचा नवरा म्हणाला. "मी चालवतो."

"खबरदार!"

"बरं, मग उचलून नेतो तुला. गोणपाट कुठंय?"

"गाडीवर. काढू नका, धूळ बसेल!"

आता काट्यांना हात कोण लावणार? शेवटी कासवमामा पुढे आले. त्यांची पाठ टणक. साळोबाला पाठीवर घेऊन ते घाट चढू लागले.

"मामा, जरा लवकर."

"लवकरच चाललोय रे."

अर्ध्या वाटेत साळोबाने डोळे उघडले. "मामा, मागे कुणी गाडीला हात तर नसेल ना लावला?"

"नाही रे बाबा. कुणाची छाती आहे?"

साळोबा समाधानाने हसला. वैद्यांच्या दारात पोचेपर्यंत त्याचं पोट दुखायचं थांबलं होतं. साळोबाही थांबला होता.

रडू नका, मुलांनो. गोष्टीचा शेवट गोड आहे. तेराव्याला बगळा आला. त्याने गोणपाट अलगद उचललं, मीटर पाहिला. आकडा जागचा हलला नव्हता.

"वा!" त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "मालकाने मरतानासुद्धा वापरली नाही!"

आणि त्याने किंमत दुप्पट केली.

तात्पर्य : जीव काय, येतात आणि जातात. मूळ रंगाची गाडी पुन्हा मिळत नाही.