सुपडूनानांच्या चार सळ्या

आमच्या पिंप्राळ्यातल्या नव्या घराची वास्तुशांत होती. पाहुणे फरशी बघून वा वा म्हणत होते आणि शेजारचे सुपडूनाना देवघरासमोर टाच आपटून कान देत होते.

"वरचं सोडा," ते मला म्हणाले, "खाली काय आहे ते पाहिलं का?"

खाली काय असणार, मुरूम. पण मी तसं सांगेपर्यंत नाना चौरंगाला वळसा घालून स्वयंपाकघरात टाच आपटत होते. हा माणूस बसत नाही. पंगतीतही त्यांचा एक गुडघा उभा असतो, बाहेर बस हॉर्न देत असल्यासारखा.

उभं आयुष्य त्यांनी खानदेशभर बोअरच्या जागा सांगण्यात घालवलं. तेही हातावर नारळ धरून नव्हे, यंत्राने. जमिनीत चार सळ्या ठोकायच्या, बॅटरीची वीज सोडायची आणि आकडा वाचायचा. ओल्या मातीतून वीज सहज जाते, दगडाशी अडखळते आणि आकडा वाढतो. निवृत्त झाल्यावर नानांनी पाणी सोडलं आणि गावं शोधायला घेतली. शेकडो वर्षांपूर्वी उठून गेलेली, जुन्या दप्तरात 'बेचिराख' लिहिलेली, म्हणजे दिवा लावायलाही माणूस न उरलेली गावं.

"अहो, रिकामं गाव सापडून करणार काय?" मी विचारलं.

"भरलेलं कुणालाही सापडतं," नाना म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, मांडीवर बॅटरी ठेवली आणि थेट शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांच्या ओळखीच्या सखूअक्कांच्या शेतावर नेऊन उतरवलं. तिथे एक बुटकं टेकाड होतं. माती पांढरी, वर खापराचे तुकडे. जुन्या वस्तीची ही माती पिकाला मानवते, म्हणून अक्का टेकाड उकरून ती वावरात पसरणार होत्या. जेसीबी दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. गाव सापडायचं तर त्याआधीच.

मी सळ्या ठोकायच्या, नानांनी आकडे लिहायचे, मग पाऊलभर पुढे सरकून पुन्हा तेच. जमीन इतकी कोरडी की प्रत्येक सळीपाशी मिठाचं पाणी ओतावं लागे, तेव्हा कुठे वीज आत शिरे. तहानेने मी चुकून त्याच कळशीतला घोट घेतला.

"थुंका, थुंका," नाना वर न बघता म्हणाले, "पण सळीपाशी थुंका."

अक्का बांधावरून बघत होत्या. "पानी लागनं का, नाना?"

"पाणी नाही अक्का, घरं शोधतोय."

"घरंस्नं मी काय करू? माले पानी दखाडा."

दुसऱ्या दिवशी जेसीबी वेळेआधीच आला. ड्रायव्हर यंत्राच्या सावलीत विडी ओढत बसला आणि नाना घाईघाईने आलेखाच्या कागदावर मोठ्या आकड्यांचे चौकोन काळे करू लागले. आधी नुसते ठिपके. मग एक सरळ रेघ. मग कोपरा. मग समोरासमोर दोन ओळी आणि मधून जाणारी गल्ली. दगडी पाये होते ते. माझ्या हातातली सळी तशीच राहिली.

नाना कागद घेऊन बांधाकडे धावले. "अक्का, ही गल्ली बघा. हा शिंपी. त्याला लागून तेली. इथे भिकाआत्या, दारात निंबाचं झाड."

मला गप्प बसवेना. "नाना, यंत्र झाडाची जातही सांगतं?"

ते थांबले. कागद नीट करत म्हणाले, "आमच्या गावात अशीच होती गल्ली. मुक्ताईनगरकडे. धरणात गेलं. आता पाण्यावर सळ्या कशा ठोकू?"

ड्रायव्हरने विडी विझवून जेसीबी सुरू केला. अक्कांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि कागदावर वाकल्या.

"तुम्हनं घर कोठे व्हतं?"

नानांनी बोट शिंप्यावर ठेवलं. तेली ओलांडला, भिकाआत्या ओलांडली, गल्लीच्या वळणावरच्या एका चौकोनाशी आले आणि तिथून बोट उचलेनात.

अक्कांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मशीन परत लई जाय. आठे नानास्नं घर शे."